डोळा बरा, दुखणे खरे

मळणीच्या दिवसांत डोळ्यात कुसळ गेले नाही असा शेतकरी विरळाच. कुसळ ते केवढे! नखावर ठेवले तर दिसायचे नाही. पण ते डोळ्यात शिरले की धडधाकट गडी हातातले काम टाकून खाली बसतो. पाण्याची धार लागते, डोळा उघडवत नाही. मग घरातली म्हातारी पदराच्या टोकाला पीळ देते, हलकेच ते कुसळ काढते आणि गडी पुन्हा कामाला लागतो. आता अशी कल्पना करा, की कुसळ निघाले आहे, डॉक्टरांनी भिंगातून डोळा तपासून ‘स्वच्छ आहे’ असे सांगितले आहे, आणि तरीही ते खुपणे थांबत नाही. आज नाही, उद्या नाही, वर्ष उलटले तरी नाही. अशा एका दुखण्याविषयी आणि त्याच्या इतिहासाविषयी आज चार गोष्टी आपल्याला सांगायच्या आहेत.

मी इतिहासाचा अध्यापक. डोळ्यांच्या वैद्यकाशी माझा संबंध नाकावरच्या चष्म्यापुरता. मग हा विषय मी का घेतला, असे आपण विचाराल. त्याचे असे झाले. माझा एक जुना विद्यार्थी परवा मला भेटायला आला. नोकरीच्या भरतीसाठी चष्मा नको म्हणून त्याने शहरातल्या एका रुग्णालयात डोळ्यांवर लेसरची शस्त्रक्रिया करून घेतली होती. खोलीत शिरल्याबरोबर त्याने पहिली विनंती केली ती पंखा बंद करण्याची. वारा त्याच्या डोळ्यांना सोसत नव्हता. बोलता बोलता तो दर पाच-सात मिनिटांनी खिशातली कुपी काढून डोळ्यांत थेंब घाली. म्हणाला, “सर, तक्त्यावरची शेवटची ओळ मला वाचता येते. म्हणून सगळे म्हणतात, तुला काही झालेलं नाही. आता घरचेही तेच म्हणायला लागलेत.”

हे बोलणे माझ्या मनातून जाईना. इतिहासाच्या वर्गात पहिल्याच दिवशी आम्ही मुलांना सांगतो, की एखाद्या गोष्टीचा कागद सापडत नाही म्हणजे ती घडलीच नाही असे समजू नका. आधी हे विचारा, की तिची नोंद करायला त्या वेळी कोणी बसले होते का? तोच प्रश्न या शस्त्रक्रियेला विचारावा असे मला वाटले, आणि तिचा इतिहास मी वाचायला घेतला.

प्रथम डोळ्याची रचना थोडक्यात पाहू. घड्याळाच्या तबकडीवर जशी काच, तसा काळ्या बुबुळावर एक पारदर्शक पडदा असतो. वैद्यकाच्या पुस्तकात त्याला पारपटल म्हणतात. डॉक्टर लोक कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिनी नाही, म्हणूनच तो काचेसारखा स्वच्छ राहतो. परंतु ज्ञानतंतू मात्र त्यात इतके दाट, की त्वचेच्या तुलनेने ते शेकडो पटींनी अधिक भरतात. कुसळाने गडी खाली बसतो तो यामुळे. हे ज्ञानतंतू केवळ दुखणे कळवतात असेही नाही. डोळा कोरडा पडू लागला की तेच मेंदूला वर्दी देतात. मग पापणी मिटते, पाणी सुटते. पारपटलाचा वरचा थर झिजला तर तो भरून येण्यासही त्यांचीच मदत लागते. म्हणजे हा राखणदारही आहे आणि पाटकरीही आहे!

याच पारपटलाचा बाक थोडा अधिक असला, किंवा डोळ्याचा गोल जास्त लांबट असला, की लांबचे अंधुक दिसते. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मा निघाला तो आधी जवळचे दिसण्यासाठी; लांबचे दिसण्यासाठीची भिंगे त्यानंतर आली. पुढे १८६२ मध्ये हॉलंडच्या हर्मान स्नेलेन या डॉक्टरने नजर मोजण्यासाठी अक्षरांचा तक्ता केला. वर मोठे अक्षर, खाली उतरत जाणाऱ्या लहान लहान ओळी. शाळेच्या तपासणीत आपण सर्वांनी तो वाचला आहे. हा तक्ता ध्यानात ठेवा. पुढे सगळा कारभार त्याच्याच शब्दावर चालला.

चष्म्याने डोळा होता तसाच राहतो; भिंगाने फक्त उणीव भरून निघते. मग डोळ्याचाच बाक बदलला तर? जपानचे त्सुतोमु सातो यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून तसा प्रयत्न केला. त्यांनी पारपटलावर बाहेरून आणि आतूनही बारीक चिरा दिल्या. पारपटल चपटे झाले, नजर सुधारली. शेकडो डोळ्यांवर ही शस्त्रक्रिया झाली. पण पारपटलाच्या आतल्या बाजूला पेशींचा एक थर असतो, तो आतले पाणी सतत उपसून पडदा स्वच्छ ठेवतो, आणि त्या पेशी गेल्या की माणसात पुन्हा भरून येत नाहीत, हे त्या काळी कोणाला उमगले नव्हते. त्याचा हिशेब वीस-वीस वर्षांनी चुकता झाला. यांपैकी बहुतेक डोळ्यांची पारपटले सुजून पांढुरकी झाली. सातो यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु शस्त्रक्रियेनंतरचे तक्त्याचे वाचन चांगले होते. वीस वर्षांनंतरचे वाचन करायला कोण थांबणार?

त्यानंतर दुसरी वाट काढली ती दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात. होसे बाराकेर नावाचे स्पेनहून तेथे गेलेले डॉक्टर बोगोटा शहरात काम करत. १९४९ पासून त्यांनी असा विचार मांडला, की पारपटलाची एक पातळ चकती कापून काढावी, तिला नवा आकार द्यावा आणि परत जागेवर बसवावी. त्यासाठी त्यांनी सुताराच्या रंध्यासारखे एक लहानसे यंत्र बनवले. हा रंधा पुढे फार कामाला आला, म्हणून त्याचा उल्लेख केला.

तिसरा टप्पा मॉस्कोचा. १९७० च्या दशकात स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनी सातोंच्या आतल्या चिरा सोडून दिल्या आणि केवळ बाहेरून, गाडीच्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे चिरा देण्याची पद्धत रूढ केली. त्यांच्या रुग्णालयात कारखान्याप्रमाणे रांगेने शस्त्रक्रिया होत. हीच पद्धत अमेरिकेत गेली. तेथे मात्र एक चांगली गोष्ट घडली. सरकारी मदतीने काही रुग्णांची पुढची दहा वर्षे पद्धतशीर तपासणी झाली. १९९४ मध्ये तिचा निष्कर्ष आला, की शंभरांतल्या ४३ डोळ्यांचा नंबर पहिल्या सहा महिन्यांनंतरही उलट दिशेने एक किंवा त्याहून अधिक सरकला होता. डोळे स्थिरावले असे मानले होते, ते स्थिरावलेले नव्हते. दहा वर्षे कोणी विचारत राहिले, म्हणून हे कळले. नाहीतर कळले नसते.

आता लेसरकडे येऊ. येथे आपल्या देशाचा एक माणूस कथेत येतो. रंगस्वामी श्रीनिवासन हे मद्रासकडचे रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत. त्यांच्यापाशी एक्सायमर लेसर नावाचा अतिनील किरणांचा झोत होता. १९८१ च्या नोव्हेंबरात तिकडचा मोठा सण झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी घरच्या मेजवानीतले उरलेले टर्की पक्ष्याचे मांस प्रयोगशाळेत आणले आणि त्यावर तो झोत सोडला. काय दिसावे? नेमके कापले गेले, आणि कडेला करपल्याची खूणही नाही. जेम्स वाइन आणि सॅम्युएल ब्लम हे त्यांचे या कामातले सहकारी. १९८३ मध्ये स्टीफन ट्रॉकेल या नेत्रवैद्याने श्रीनिवासन यांच्याबरोबर हाच झोत पारपटलावर वापरून दाखवला, आणि सुरीची जागा प्रकाशाने घेतली.

आरंभी लेसरने पारपटलाचा पृष्ठभागच घासून घेत. त्यात वरचे कवच काढावे लागे, ज्ञानतंतू उघडे पडत आणि रुग्णाला तीन-चार दिवस फार वेदना होत. मग १९८९–९० च्या सुमारास ग्रीसच्या क्रीट बेटावरील इओआनिस पालिकारिस यांनी आणि त्याच काळात इटलीतल्या लुचो बुरात्तो यांनी दोन जुन्या-नव्या गोष्टी जोडल्या, बाराकेर यांचा रंधा आणि श्रीनिवासन यांचा झोत. भाकरी फुगली की तिचा वरचा पापुद्रा एका बाजूने उचलता येतो की नाही? तसा पारपटलाचा पापुद्रा रंध्याने कापायचा, एका बाजूला बिजागरीसारखा जोडलेला ठेवायचा, उलटायचा, आतल्या भागावर झोत सोडायचा आणि पापुद्रा पुन्हा मिटायचा. याचे नाव लॅसिक. काम थोड्या मिनिटांचे, वेदना थोडी, आणि दुसऱ्या दिवशी चष्म्यावाचून दिसते. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिला सरकारी मान्यता मिळाली आणि पाहता पाहता ती जगभर पसरली. आपल्याकडे मुंबई-पुण्याहून ती जिल्ह्याच्या गावांपर्यंत आली. पुढे रंध्याऐवजी दुसऱ्या लेसरने पापुद्रा कापू लागले. नंतर पापुद्र्याशिवाय, लहान छेदातून आतला भाग काढण्याची रीतही निघाली.

या कथेत एक विसंगती आहे, ती पाहा. लॅसिकचा बोलबाला झाला तो ‘दुखत नाही’ म्हणून. आणि तिच्याच पोटी, थोड्या लोकांच्या वाट्याला का होईना, दीर्घकाळ टिकणारे दुखणे आले.

ते कसे? पारपटलातले ज्ञानतंतू कडेने आत शिरतात आणि वर वर चढत पृष्ठभागाखाली पसरतात, शेताच्या बांधाकडून आत गेलेल्या पाटांसारखे. पापुद्रा गोल कापला की बिजागरीकडचे सोडून बाकीचे पाट तुटतात. मग कोरडेपणाची वर्दी जात नाही, पाणी कमी सुटते, पापणी कमी मिटते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे किंवा महिने पुष्कळांचे डोळे कोरडे पडतात ते यामुळे. ज्ञानतंतू पुन्हा वाढतात, आणि बहुतेकांना सहा महिन्यांत, वर्षात आराम पडतो. पण काही थोड्यांच्या बाबतीत ही वाढ नीट होत नाही. तुटलेल्या टोकांशी गाठी होतात, वेडेवाकडे फुटवे येतात. असे ज्ञानतंतू कारण नसताना वर्दी देऊ लागतात. जळजळ, टोचणी, उजेड न सोसणे, वारा न सोसणे. वर्दी जाऊन जाऊन पुढे मेंदूतले केंद्रही हळवे होते. मग डोळ्यात पाणी भरपूर असले तरी माणसाला तो कोरडा आणि जळता वाटतो.

आता डॉक्टरांच्या हाती साधने कोणती होती? एक तो अक्षरांचा तक्ता. दुसरी १९०३ मध्ये ऑटो शिर्मर यांनी काढलेली टिपकागदाची पट्टी. ती पापणीत अडकवून पाच मिनिटांत किती ओलावा येतो ते पाहायचे. तिसरा एक पिवळा रंग. तो डोळ्यात घातला की पृष्ठभागावरची जखम चमकते. तिन्ही साधने उपयोगाची आहेत. पण तक्ता वाचता आला, पट्टी भिजली आणि रंग कोठे धरला नाही, तर साधनांच्या लेखी माणूस निरोगी! दुखणे मोजणारी पट्टी अजून कोणी काढलेली नाही. दुखण्याचा एकच कागद असतो, तो म्हणजे दुखणाऱ्याचे बोलणे. आणि तोच कागद दप्तरी दाखल होत नव्हता.

वास्तविक अशा दुखण्याची ओळख वैद्यकाला फार जुनी. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सायलास वेअर मिचेल या डॉक्टरने ज्ञानतंतूंना गोळी लागलेले शेकडो सैनिक पाहिले. जखम भरली तरी त्यांची आग थांबत नसे. पाय कापून टाकला तरी नसलेल्या पायाची बोटे दुखत. अशा अवयवाला मिचेल यांनी १८७१ मध्ये भुताचा अवयव असे नाव दिले. आधी लोकांना ते सोंग वाटे. पुढे ते खरे मानले गेले. हीच गोष्ट डोळ्याला लागू आहे, असे २००७ मध्ये स्पेनचे कार्लोस बेल्मोंते यांनी मांडले. लेसरनंतरचा कोरडेपणा खरोखर पाण्याच्या कमतरतेचा, की तो ‘भुताचे पारपटल’ आहे, असा प्रश्नच त्यांनी आपल्या लेखाच्या मथळ्यात घातला. बॉस्टनचे पेरी रोझेंथाल यांनीही अशा रुग्णांचे ऐकून घेतले आणि ‘डाग नाही पण दुखणे आहे’ अशी ही अवस्था डॉक्टरांपुढे ठेवली. अखेर २०१७ मध्ये या विषयातल्या जगभरच्या तज्ज्ञांनी कोरड्या डोळ्याची व्याख्या सुधारली, तेव्हा ज्ञानतंतूंतला बिघाड हेही त्याचे एक कारण म्हणून प्रथमच तीत आले. युद्धातल्या सैनिकाच्या पायापासून डोळ्यापर्यंत यायला सुमारे दीडशे वर्षे लागली!

दरम्यान रुग्ण स्वतः बोलू लागले होते. २००८ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने यासाठी एक जाहीर बैठक घेतली. अंधुक दिसणारे, रात्री दिव्यांभोवती वलये दिसणारे, डोळ्यांच्या दुखण्याने काम सुटलेले लोक तेथे उभे राहिले. शस्त्रक्रियेनंतर निराश होऊन मुलाने जीव दिला, असे एका बापाने तेथे सांगितले. समाधानी रुग्णही आले, डॉक्टरही आले. ज्या खात्याने या लेसरांना मान्यता दिली त्या खात्यातले मॉरिस वॅक्सलर हे अधिकारी निवृत्तीनंतर मत बदलून बसले आणि २०११ मध्ये त्यांनी मान्यता काढून घ्या असा अर्ज केला. तो मंजूर झाला नाही. पण बैठकीमुळे एक पाहणी मात्र झाली. तीत आधी नौदलातले आणि मग सामान्य नागरिक असे पाचशेहून अधिक लोक होते.

त्या पाहणीचे आकडे दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजेत. शंभरांत ९५ हून अधिक लोक आपल्या नजरेवर समाधानी होते. हे खोटे म्हणता येणार नाही. त्याचबरोबर, ज्यांना आधी डोळ्यांच्या कोरडेपणाची काहीच तक्रार नव्हती, अशांपैकी शंभरांत ३० पर्यंत लोकांना तीन महिन्यांनी ती तक्रार होती. आणि मला सर्वांत बोलकी वाटली ती वेगळीच बाब. दिसण्यातला जो त्रास लोकांनी प्रश्नपत्रिकेत लिहिला, तो डॉक्टरांना तोंडी सांगताना निम्म्यापेक्षाही कमी लोकांनी सांगितला. म्हणजे तपासणीच्या खोलीत बसलेला माणूस ‘ठीक आहे’ म्हणतो आणि घरी येऊन डोळे मिटून पडतो. दप्तरात जाते ते ‘ठीक आहे’. पुढे २०२२ मध्ये त्याच प्रशासनाने एक मसुदा काढला, की कोरडेपणा, रात्री गाडी चालवताना अडचण, आणि क्वचित कायम राहणारे दुखणे, या गोष्टी शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला स्पष्ट सांगाव्यात. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनांनी त्यावर हरकत घेतली; धोका वाढवून सांगितला जातो आहे असे त्यांचे म्हणणे.

मग आपण काय घ्यायचे यातून? लेसर वाईट, असे मी म्हणत नाही. माझ्याच ओळखीत ही शस्त्रक्रिया करून सुखी असलेली माणसे आहेत. पण चष्मा हा आजार नव्हे. निरोगी डोळ्यावर शस्त्र घ्यायचे, तर सौद्याच्या दोन्ही बाजू माहीत हव्यात. ‘थोडे दिवस कोरडेपणा राहील, थेंब घाला’ असे सांगणे वेगळे, आणि ‘फार थोड्यांना हे दुखणे मागे राहते’ असे सांगणे वेगळे. ज्याचे डोळे आधीच कोरडे आहेत, ज्याला संधिवातासारखा आजार आहे, सतत अर्धशिशी किंवा अंगदुखी आहे, नंबर अजून स्थिर नाही, त्याने तर हे सगळे डॉक्टरांना आधी सांगावे आणि नीट विचारून घ्यावे. भरतीची तारीख जवळ आली म्हणून घाई करू नये.

आणि दुखणे मागे राहिलेच, तर उपाय नाहीत असेही नाही. डॉक्टर दवाखान्यात बधिर करणारा थेंब घालून पाहतात. त्याने दुखणे थांबले तर मूळ डोळ्यात, न थांबले तर वर मेंदूकडे, असा त्यांना अंदाज येतो. स्वतःच्या रक्तातल्या पिवळसर द्रवाचे थेंब करून घालतात. पाण्याचा थर धरून ठेवणारे मोठे भिंग डोळ्यावर बसवतात. ज्ञानतंतूंच्या दुखण्यावरची औषधे देतात. पुष्कळांना सावकाश का होईना, उतार पडतो. एक मात्र बजावून सांगतो, बधिर करणारे थेंब घरी आणून कधीही घालू नका. त्या क्षणी बरे वाटते, पण पारपटल खराब होते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. एखादा मुलगा, एखादी शिक्षिका, गावातला एखादा तरुण ‘डोळे जळतात, उजेड सोसत नाही’ असे म्हणाला आणि डॉक्टरांच्या कागदावर ‘डोळा उत्तम’ असे लिहिलेले असले, तर कागद खोटा म्हणू नका आणि माणूसही खोटा म्हणू नका. कागदावर डोळ्याचे लिहिले आहे, दुखण्याचे लिहायचे राहिले आहे. त्याला खिडकीपासून दूर बसू द्या, पंख्याखालून हलवा, आणि तो खचलेला दिसला तर एकटे सोडू नका. त्याच्या घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोला. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे खरे. पण ऐकून घेतले तर दुसऱ्यालाही थोडे कळते.

माझा तो विद्यार्थी निघाला तेव्हा मी त्याला एक वही दिली. कोणत्या वेळी दुखले, किती दुखले, वाऱ्याने की उजेडाने, कोणत्या थेंबाने बरे वाटले, ते रोज चार ओळींत लिहीत जा म्हटले. पुढच्या खेपेस तो ती वही घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली, आणि तक्ता नंतर दाखवला. डोळे अजून पूर्ण बरे नाहीत. पण परवा तो आला तेव्हा पंखा हळू चालू होता, आणि तो बंद करा असे काही तो म्हणाला नाही.